ड्रोनची बॅटरी फुल चार्ज करून कपाटात ठेवताय? आधी हे वाचा

आषाढी एकादशी आली की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचे ड्रोन पेटीत जातात. ते पुन्हा बाहेर निघतात ते तुळशीच्या लग्नानंतर. फवारणीच्या ड्रोनचं वेळापत्रक वेगळं असतं. खरीप आणि रब्बीत त्यांची धावपळ, तर एप्रिल-मेमध्ये बऱ्याच ठिकाणी निवांतपणा. अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यात आता हे दोन्ही प्रकारचे ड्रोन दिसतात. रिमोटवरची विमानं आणि गाड्या हौसेने बनवणारी मुलंही आहेत.

या सगळ्यांकडे एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे महिनोन्महिने पडून राहणारी लिथियम बॅटरी. ही बॅटरी पडून राहिली तर फुगते, निकामी होते आणि क्वचित पेटही घेते. यातलं बरंचसं नुकसान ठेवण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे होतं आणि ते टाळणं अवघड नाही.

शेतात ड्रोन आले, सोबत बॅटऱ्या आल्या

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीसाठीच्या ड्रोनवर काम होतं आणि ड्रोन चालवण्याचं प्रशिक्षणही दिलं जातं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने महिला बचतगटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १,२६१ कोटी रुपयांच्या या योजनेत सुमारे १५ हजार गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदानाची तरतूद तिच्यात करण्यात आली. या संचात ड्रोनसोबतच्या बॅटरीशिवाय आणखी चार बॅटरी-संच असतात.

इतक्या बॅटऱ्या लागतात, कारण टाकी भरलेला ड्रोन एका बॅटरीवर काही मिनिटंच उडतो. म्हणजे बॅटऱ्या चांगल्या राहिल्या तरच दिवसाला ठरलेली एकरं फवारून होतात. हंगामाच्या तोंडावर दोन संच फुगलेले निघाले, तर गटाची कमाई तिथेच अडते.

फुल चार्ज करून ठेवलं तर काय बिघडतं?

इन्व्हर्टर किंवा ट्रॅक्टरची बॅटरी बराच काळ ठेवायची असेल, तर ती पूर्ण चार्ज करून ठेवतात. ते बरोबरच आहे. त्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. त्या अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिल्या तर आतल्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि बॅटरी दम धरत नाही.

घरोघरी हीच सवय असल्यामुळे ड्रोनची बॅटरीही फुल करून ठेवली जाते. मात्र लिथियम बॅटरीचं रसायन निराळं आहे. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये व्होल्टेज जास्त असतं. त्या ताणाखाली आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, हळूहळू विघटित होतो. त्यातून वायू तयार होतो आणि सेलची साठवणक्षमता कायमची घटते. हौशी ड्रोनमध्ये वापरली जाणारी लिथियम पॉलिमर, म्हणजेच 'लायपो' बॅटरी मऊ पाकिटात बंद असते. त्यामुळे आत वायू झाला की ती उशीसारखी फुगते.

मग रिकामी करून ठेवावी का?

तेही नको. न वापरताही बॅटरी थोडी थोडी उतरत असते. आत नियंत्रण सर्किट असेल तर तेही किंचित वीज खातं. एका सेलचं व्होल्टेज ३ च्या बरंच खाली गेलं, की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुढे अशी बॅटरी चार्जिंगला लावली की ते तांबं भलत्या जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

चांगला चार्जर अशी बॅटरी घेतच नाही. काही जण चार्जर निकेल बॅटरीच्या मोडवर टाकून तिला 'उठवतात'. हा उद्योग घरात आग लावू शकतो. तळ गाठलेली लायपो बॅटरी मोडीत काढणंच शहाणपणाचं.

नेमकी किती चार्ज ठेवायची?

उत्तर आहे अर्ध्याच्या आसपास. लायपो सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. साठवणुकीसाठी प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर असावा. बॅटरीवर 'एस'च्या आधी असलेला आकडा सेलची संख्या सांगतो. त्यानुसार हिशेब असा:

• ३ एस: पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, साठवताना ११.४ ते ११.५५
• ४ एस: पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट, साठवताना १५.२ ते १५.४
• ६ एस: पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट, साठवताना २२.८ ते २३.१
• १२ एस: पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट, साठवताना ४५.६ ते ४६.२

बॅलन्स चार्जरमध्ये यासाठी 'स्टोरेज' नावाचा मोड असतो. तो निवडला की बॅटरी जास्त भरलेली असेल तर उतरवली जाते, कमी असेल तर भरली जाते. एकूण व्होल्टेजसोबत प्रत्येक सेलचा आकडाही पाहावा. बाकीचे सेल ३.८ वर असताना एखादाच ३.६ वर असेल, तर तो सेल कमजोर झाला आहे असं समजावं.

लग्नाच्या शूटिंगला वापरल्या जाणाऱ्या अनेक ड्रोनच्या बॅटऱ्या 'स्मार्ट' असतात. फुल चार्ज अवस्थेत काही दिवस पडून राहिल्या तर त्या आपोआप काही प्रमाणात उतरतात. अशी उतरताना बॅटरी किंचित कोमट लागली तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र उतरल्यानंतर तिला पुन्हा चार्ज करण्याचं काम माणसालाच करावं लागतं. पूर्ण चातुर्मास ती विसरली गेली, तर ती तळ गाठू शकते.

उन्हाळा आणि पत्र्याची शेड

चार्जइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरचा लिथियम-आयन बॅटऱ्यांचा तक्ता यासाठी पाहण्यासारखा आहे. २५ अंश तापमानात ४० टक्के चार्ज असलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच फुल चार्ज ठेवली तर ८० टक्के उरते. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ टक्क्यांवर येतात.

म्हणजे फुल चार्ज आणि कडक ऊन एकत्र आले, तर वर्षभरात बॅटरीचा तिसरा हिस्सा न वापरताच संपतो. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तो त्याहून वर जातो. त्यामुळे फवारणीचा ड्रोन शेडमध्ये राहिला तरी चालेल, बॅटऱ्या मात्र घरात आणाव्यात. जुनं धाब्याचं घर असेल तर त्यातली खोली पत्र्यापेक्षा कितीतरी थंड असते.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. तो टाळावा. थंड बॅटरी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि ओलावा जोडण्यांमध्ये शिरतो.

घरात कुठे आणि कशात?

नीट ठेवलेली बॅटरी पेट घेण्याची शक्यता कमी असते. पण एकदा पेटली की ती काही सेकंदांत भडकते आणि विषारी धूर सोडते. म्हणून जागा निवडताना 'इथे आग लागली तर काय जळेल?' हा प्रश्न विचारावा.

• फरशी किंवा कोब्यावर, सावलीत आणि कोरड्या जागी ठेवावी. लाकडी कपाट आणि गाद्यांचा ढीग नको.
• कडबा, डिझेल, खताच्या गोण्या, कीटकनाशकं आणि गॅस सिलिंडरपासून लांब ठेवावी.
• झोपायच्या खोलीत, जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दाराजवळ ठेवू नये.
• लायपोसाठी मिळणारी आगरोधक पिशवी किंवा पत्र्याची पेटी वापरावी. पेटी हवाबंद नसावी, कारण वायू कोंडला तर स्फोटाचा धोका असतो. पेटीला आतून न जळणारं अस्तर असावं.
• बॅटरी ड्रोनमधून काढून ठेवावी. कनेक्टरला टोपी लावावी. खिळे, पाने, नाणी जवळ ठेवू नयेत.
• प्रत्येक बॅटरीवर ठेवल्याची तारीख आणि व्होल्टेज लिहिलेली चिकटपट्टी लावावी.

साधारण दर दोन महिन्यांनी व्होल्टेज तपासावं. एखादा सेल ३.७ च्या खाली गेला असेल तर पुन्हा स्टोरेज मोडवर लावावं. हंगाम सुरू होताना पहिलं चार्जिंग कोणीतरी समोर असतानाच करावं, रात्रभर लावून ठेवू नये.

बॅटरी फुगली तर?

तिला टोचू नये, दाबू नये आणि चार्जिंगला लावू नये. घराबाहेर मोकळ्या जागी, वाळू भरलेल्या बादलीत ठेवावी. चार्जिंगवर असताना बॅटरी पेटली आणि मेन स्विचपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तर वीज बंद करावी. धुरापासून लांब राहावं, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढावं आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. वाळूने ज्वाळा आवरायला मदत होते, पण आतली रासायनिक क्रिया थांबत नाही. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती लगेच उचलू नये.

निकामी बॅटरी घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दबली की आग लागते. देशात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तर त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांवर. दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून अशी बॅटरी विक्रेत्याकडे, ड्रोन कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. नवीन बॅटरी घेतानाच 'जुनी परत घेता का?' हे विचारून ठेवलं, तर पुढची शोधाशोध वाचते.