शब्दाला कोठडी, वर्दीला अभय

सर्वोच्च न्यायालयाने मूठमाती दिलेला कायदा पोलीस ठाण्यात मात्र जिवंत राहतो, असे कोणी कादंबरीत लिहिले असते तर वाचकांनी ती अतिशयोक्ती मानली असती. आपल्या देशात ते प्रत्यक्ष घडले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ हे श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले. त्यानंतरही ठिकठिकाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर जुलै २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लेखी सूचना धाडावी लागली, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही. न्यायालयाचा शब्द ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचावयास साडेसात वर्षे लागावीत, याचा जाब कोणी कोणाला विचारला?

संगणकावरून वा मोबाईलवरून धाडलेला मजकूर कोणाला ‘आक्षेपार्ह’ वा ‘त्रासदायक’ वाटला, तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, असे या कलमाचे स्वरूप होते. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे ठरविणार कोण? तक्रार घेऊन आलेला जमाव आणि त्याच्यासमोर बसलेला पोलीस निरीक्षक! नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे हेच झाले. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शविली, आणि दोघींना अटक झाली. त्याच वेळी लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते याहून वेगळे काय? पुढे देशभर गहजब झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या दोघींवरील खटलाही मिटला. परंतु गहजब झाला नसता तर?

ही शेजारच्या राज्यातील गोष्ट म्हणून गोमंतकीयांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात नरेंद्र मोदी यांच्याविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुराबद्दल गोव्यातीलच एका तरुण अभियंत्यावर गुन्हा दाखल झाला होता. त्याचे लिखाण रुचणे वा न रुचणे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. परंतु न रुचलेल्या मताचे उत्तर मताने द्यावयाचे की बेडीने, हा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हे. तो लोकशाहीचा आहे.

वाटेल ते बरळण्याची मुभा असावी, असे आम्ही म्हणत नाही. स्त्रियांना धमकावणारे, जातिधर्मांत आग लावणारे, खोटी चित्रे पसरवून कोणाची अब्रू घेणारे लोक फोनच्या आडून वावरत आहेत. त्यांच्या मुसक्या आवळणे हे पोलिसांचे कर्तव्यच होय. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने स्वातंत्र्याबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. मात्र मर्यादा कोणी ओलांडली हे ठरविताना सारासार विचार झाला पाहिजे. २८ मार्च २०२५ रोजी एका कवितेवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. तीन वर्षे वा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. लिहिल्या-बोलल्याच्या प्रकरणांत तिचा उपयोग करावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

म्हणजे कायद्याची वाण नाही. वाण आहे ती उत्तरदायित्वाची. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा आदेश दिला आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असतील असेही म्हटले. गोव्यात असे प्राधिकरण २००७ मध्ये स्थापन झाले. त्याच्यापुढे किती गाऱ्हाणी आली, कितींत अधिकारी दोषी ठरला आणि खात्याने पुढे काय केले, याचा जमाखर्च दर वर्षी विधानसभेपुढे आणि जनतेपुढे मांडला जावयास हवा. लेखी वा तोंडी शब्दासाठी कोणाला अटक करावयाची असेल, तर कारणे अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी लिहून ठेवावीत. पुढे न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरविली, तर त्या निर्णयाची प्रत त्याच्या सेवापुस्तकात लागावी. आज अशा अटकेची किंमत मोजतो तो केवळ अटक झालेला नागरिक. नोकरी, अब्रू आणि वकिलाची फी या तिन्ही बाजूंनी.

नागरिकांनीही आपला हक्क ओळखला पाहिजे. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘निषिद्ध स्थान’ नव्हे. तेथे चित्रण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला आहे. जनतेचे डोळे पोलिसांवर असणे हा पोलिसांचा अवमान नव्हे. सरळमार्गी पोलिसाला ते संरक्षणच आहे.

आणि अशा पोलिसाची बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. राजकीय पुढाऱ्याचा एक फोन आणि रातोरात बदली, या धाकाखाली वावरणारा निरीक्षक जमावाला ‘नाही’ कसा म्हणणार? ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, हाही प्रकाश सिंह खटल्यातील आदेशच होता. त्याच्याकडून उत्तर मागावयाचे, तर त्याच्या पाठीचा कणा ताठ राहील अशी व्यवस्थाही राज्यकर्त्यांनी करावयास हवी. ती न करता केवळ निरीक्षकाला निलंबित करणे म्हणजे फोन करणाऱ्याला मोकळे सोडणे होय.

भाषणस्वातंत्र्याचे रक्षण दिल्लीतील न्यायमूर्ती करतात, ही समजूत अपुरी आहे. ते स्वातंत्र्य प्रथम टिकते वा मोडते ते म्हापशाच्या, मडगावच्या, फोंड्याच्या ठाण्यातील मेजापाशी. त्या मेजामागील माणसाला निर्भयपणे कायदा पाळता यावा, आणि न पाळल्यास त्याचा हिशेब द्यावा लागावा, एवढी साधी अपेक्षा जनतेने शासनाकडून ठेवली, तर ती वाजवीच म्हटली पाहिजे.