ड्रोन परत जातो, पोरगा सापडतो

पंजाबची पाकिस्तानला लागून असलेली सीमा सुमारे ५५३ किलोमीटरची. काटेरी कुंपण आहे, दिव्यांचे झोत आहेत, सीमा सुरक्षा दलाचा पहारा आहे. पूर्वी हेरॉईनची पाकिटं या कुंपणातून प्लास्टिकच्या पाईपमधून सरकवली जात किंवा वरून फेकली जात. त्यासाठी तस्कराच्या माणसाला कुंपणापर्यंत यावं लागे आणि गोळीची भीती असे. ड्रोन आल्यावर पलीकडच्या माणसाची ती भीती संपली. सप्टेंबर २०१९ मध्ये तरनतारन जिल्ह्यात ड्रोनने शस्त्रं टाकल्याचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा अनेकांना ते अपवाद वाटलं. सीमा सुरक्षा दलाने पंजाबात २०२३ साली १०७ आणि २०२४ साली २९४ ड्रोन पकडले. हाती न लागलेले वेगळेच.

यातले बरेचसे ड्रोन बाजारात मिळणारे, चिनी बनावटीचे, चार पंख्यांचे असतात. रात्री, हिवाळ्यात धुक्याच्या आडोशाने, ठरवून दिलेल्या मार्गाने ते येतात, शेतात पाकीट टाकतात आणि काही मिनिटांत परत जातात. पाकीट साधारण अर्ध्या किलोचं, बहुतेकदा पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं, वर धातूची कडी. अंधारात सापडावं म्हणून कधी चमकणारी पट्टीही लावलेली असते. ते उचलायला जाणाऱ्याला फोनवर ठिकाण कळवलं जातं. पाठवणारा कोण, हे त्याला माहीत असेलच असं नाही.

आमचं म्हणणं या उचलणाऱ्याबद्दल आहे. ड्रोन उडवणारा सीमेपार बसलेला असतो, पैसा हवालाने फिरतो, आणि शेतात मात्र हाडामांसाचा माणूसच लागतो. पोलिसांच्या हाती तोच लागतो.

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. २५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण, तिथे किमान १० वर्षं. म्हणजे अर्ध्या किलोचं एकच पाकीट उचललं की पोरगा थेट सर्वात कडक वर्गात जातो, त्याला मजुरी म्हणून काही हजारच मिळणार असले तरी. कलम ३७ मुळे जामीन अवघड होतो. कलम ३५ प्रमाणे त्याला सगळं ठाऊक होतं असं न्यायालय गृहीत धरतं; ठाऊक नव्हतं हे त्यानेच सिद्ध करायचं!

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ३२ टक्के, देशात सर्वाधिक. शेतजमिनीत मात्र त्यांचा वाटा अगदी किरकोळ. ज्याला स्वतःचं शेत नाही, त्याला एका रात्रीच्या कामाचा मोह कसा पडतो, हे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला वेगळं सांगायला नको.

याच कायद्यातलं कलम ६४-अ फारसं कुणी सांगत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. आणि गुन्हा कोणताही असो, कोठडीतल्या व्यक्तीला तसंच अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.