इंजिन खोलायची वेळ कधी येते?

जुनी स्प्लेंडर विकायला निघाली की घेणारा आधी मीटर बघतो. त्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. जुन्या गाड्यांचा मीटर ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यावर येतो, आणि केबल तुटलेली असेल तर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. जाणता मेकॅनिक मीटर सोडून आधी थंड इंजिनाला हळू किक दाबून बघतो. पायाला दाब लागला पाहिजे; किक फुसकन खाली गेली तर कॉम्प्रेशन गेलेलं. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवतो. बोटाला कोरडी काजळी लागली तर ठीक, चिकट तेलकट थर लागला तर इंजिन ऑइल पितंय.

शंभर सीसीची गाडी नीट सांभाळली तर इंजिन न खोलता ८०,००० ते १ लाख किलोमीटर जाते. सव्वा-दीड लाख गेलेल्याही आहेत. तेच इंजिन हयगय झाली तर त्याच्या निम्म्यातच धूर मारायला लागतं. फरक कुठे पडतो ते कळायला थोडा हिशोब करू.

१९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर. म्हणजे क्रँकच्या एका फेरीत पिस्टन वर-खाली मिळून जवळपास १० सेंटिमीटर सरकतो. टॉप गिअरमध्ये एक किलोमीटर जाईपर्यंत क्रँकच्या ढोबळमानाने ६,००० फेऱ्या होतात. गाडी एक किलोमीटर गेली की पिस्टन आत ६०० मीटर गेलेला असतो; गाडीच्या लाख किलोमीटरला पिस्टनचे ६०,०००. विषुववृत्ताला दीड प्रदक्षिणा, तीही ५० मिलिमीटरच्या नळीत! एवढं होऊनही धातू टिकतो, कारण रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. झीज मुख्यतः होते ती हा थर फाटतो तेव्हा.

तो फाटण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. रात्रभर उभ्या गाडीचं तेल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे सकाळची पहिली काही सेकंदं कोरडी जातात. याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर पिळून ‘घूं घूं’ करायची सवय अनेकांना असते आणि ती इंजिनाला महाग पडते. दुसरी जागा सिलिंडरचा वरचा भाग. तिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो आणि नेमका तिथेच जळणाचा जाळ असतो. बोअर करायला आलेल्या ब्लॉकमध्ये वरच्या टोकाजवळ नख फिरवलं तर अडकतं. रिंग जिथवर पोचते तिथपर्यंतची भिंत खाल्ली गेलेली, त्याच्या वरची तशीच.

तेल किती असतं? जेमतेम एक लिटर. आणि या लिटरभर तेलात इंजिन, गिअर आणि क्लच तिघांचं भागायचं असतं. गिअरचे दाते तेल चिरडून पातळ करतात, क्लच प्लेटांची झीज त्यातच मिसळते. म्हणून कारचं तेल मोटारसायकलीत घालू नये. त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच घसरवू शकतात. डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं बघून घ्यावं. तेल कधी बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, पण रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या किंवा धुळीचा रस्ता असेल तर त्याच्या आधीच बदललेलं बरं.

बदलण्यापेक्षा जास्त चुकतं ते मोजणं. या गाड्यांत तेल कमी झाल्याचा दिवा नसतो. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, तेल खाली बसू द्या. काडी पुसून घ्या आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. आटे फिरवले तर काडी खोल जाते आणि कमी असलेलं तेल पुरेसं दिसतं. लिटरातलं पाव लिटर कमी झालं तरी इंजिन तक्रार करत नाही, गुपचूप झिजत राहतं.

धुळीबद्दल फार सांगायला नको. उसाच्या ट्रॉलीमागून कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर फाटका असेल तर आत जाणारी बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते. तेल लावलेला कागदी फिल्टर हवेने झाडून परत बसवण्यात शहाणपण नाही. तो बदलायचा असतो.

टॅपेटची गोष्ट मात्र लोक उलटी धरून बसलेत. थोडा ‘टिक टिक’ आवाज आला की घट्ट करायला सांगतात. आवाज करणारा टॅपेट परवडला. फार घट्ट केला तर एक्झॉस्टचा व्हॉल्व पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि कडा जळते. मग एवढं टिकलेलं इंजिन आवाज बंद करण्याच्या हौसेपायी उघडावं लागतं.

निळा धूर दिसला म्हणून लगेच बोअर करू नका. रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना भपकन येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व सील गेलंय, ते स्वस्तातलं काम आहे. गाडी ओढताना सतत येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. खात्री करायची तर प्लग काढून कॉम्प्रेशन मोजतात, मग त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर गळती रिंगांतून; तेवढाच राहिला तर व्हॉल्वमधून.

रिंगा आणि सिलिंडरच गेले असतील तरी इंजिन संपलं असं नाही. लोखंडी स्लीव्ह बोअर करून ०.२५, ०.५०, पुढे १ मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. काही वेगवान गाड्यांच्या सिलिंडरवर निकेलचा कठीण लेप असतो. तिथे ही सोय नाही, ब्लॉकच बदलावा लागतो. क्रँकचं बेअरिंग वाजायला लागलं की खर्च वाढतो, पण स्प्लेंडरचा तो भागही तालुक्याच्या गावी मिळतो. ज्या मॉडेलचे सुटे भाग बाजारातून गेले, त्याचं आयुष्य तिथे संपतं, मग मीटरवर कितीही असोत.

बोअर करून आणलेली गाडी पहिले ५०० किलोमीटर ताणू नका, जड ओझं घेऊन घाट चढू नका, आणि तेवढे झाले की तेल बदलून टाका. नव्या रिंगांनी खरवडलेली लोखंडाची पूड त्यातच असते.