चोच बघा, चोच!

आमच्या आत्याबाई भोरला असतात. घरामागे परस आणि परसात एक जुना आंबा. गेल्या धनत्रयोदशीला मी तिथे पोचलो, तेव्हा आंब्यावरचे बांडगुळाचे झुपके पाहून त्या हळहळत होत्या.

"झाड वाळत चाललं रे! हे येतं तरी कुठून?"

पक्ष्यांची दोन-चार पुस्तके वाचलेला मी लगेच सरसावलो. "आत्या, हे फुलटोच्याचं काम. बांडगुळाची फळं गिळतो, त्यातलं चिकट बी विष्ठेतून फांदीवर पडतं आणि तिथंच रुजतं."

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण पडवीच्या तारेला लोंबणाऱ्या घरट्यात एक इवलीशी पिवळसर पक्षीण शिरली आणि मी बोट दाखवले, "हा पाहा चोर!"

आत्याबाईंनी कोपऱ्यातल्या नव्या केरसुणीकडे पाहिले. "लक्ष्मीपूजनाआधी ती वापरायची नाही. पूजा झाली, की पहिला हात ह्या घरट्यावर!"

दुसऱ्या दिवशी मी वेल्ह्याला गेलो. तोरण्याच्या पायथ्याशी एका शेताच्या बांधावर आंबा होता आणि त्याच्या बांडगुळात 'चिक् चिक्' करीत एक पाखरू नाचत होते. शेतकरी आजोबांना मी म्हटले, "शिंजीर दिसतोय."

आजोबा हसले. "चोच बघा, चोच! मध पिणाऱ्याची दाभणावानी लांब आन् वाकडी. ह्याची बुटकी."

माझ्या पोटात धस्स झाले. पडवीतली चोच डोळ्यांपुढे आली. ती लांब होती, काळी होती, वाकडी होती!

वाचकहो, माझ्यासारखी फजिती टाळायची तर एवढे लक्षात ठेवा. फुलटोचा जेमतेम ८ सेंटिमीटरचा, आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. रंग मातकट, पोट मळकट पांढरे, चोच आखूड आणि फिकट गुलाबीसर. शिंजिराची मादी १० सेंटिमीटरची. तिचा गळा राखट पांढरा आणि पोट पिवळे असेल, तर ती जांभळ्या पाठीच्या जातीची. गळ्यापासून सगळेच फिके पिवळे असेल, तर जांभळ्या शिंजिराची. ह्या दुसऱ्याचा नर वीण संपली की आपला झगमगता पोशाख उतरवून मादीसारखा होतो. गळ्यावरून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. डोळ्याभोवती पांढरे कडे आणि सोबत थवा दिसला, तर तो चष्मेवाला.

घरटीही बोलतात. दोघांचीही लोंबती, पण शिंजिराचे म्हणजे कोळ्याची जाळी, सालपटे आणि कचरा ह्यांचे गाठोडे, दारावर मात्र छज्जा! फुलटोच्याचे नमद्यासारखे मऊ. सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ सालीच निघाले. ते माझ्या पिशवीत होते. उघडले मात्र वेल्ह्याहून परतताना!

घरटे जागेवर होते. मी आत्याबाईंपुढे चूक कबूल केली.

"म्हणजे ही निर्दोष?"

"अगदीच नाही. बांडगुळाच्या फुलांतला मधही ती पिते आणि पराग इकडून तिकडे नेते."

आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या. "मग फुलटोच्याला तरी शिक्षा कशाची? त्याचं पोट आहे त्यावर. झाड आपलं, कोयता आपण चालवावा."

पाडव्याला गडी बोलावून बांडगूळ धरलेल्या फांद्या खालपासून छाटल्या. पूजा झालेल्या केरसुणीचा पहिला हात अंगणावर फिरला. आणि पडवीत, त्या छज्ज्याखालून, एक वाकडी चोच आमच्याकडे पाहत होती.