डर्नेसहून रोसालकडे

लेर्ग मागे पडतं आणि रस्ता एका गाडीपुरता उरतो. डावीकडे लांबच लांब शिन तलाव, उजवीकडे तपकिरी माळ, मध्ये ए८३८. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता जरा रुंद होतो, तिथे पांढरी पाटी असते: 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी येताना दिसली की ज्याला ही जागा जवळ, त्याने थांबायचं. जाणाऱ्याने हात वर करायचा. दुपारपासून मी अनोळखी माणसांना हात करत चालले आहे आणि एकटी असल्याचं मला एकदाही जाणवलेलं नाही.

ग्लासगोहून निघाले ती इन्व्हर्नेसपर्यंत जायच्या बेताने. तिथे पोचले तर उत्तरेकडचं आभाळ स्वच्छ दिसलं, गाडीच्या टाकीत पेट्रोल होतं, पुढे जायला एवढं पुरलं.

रात्रीचे नऊ वाजलेत तरी डर्नेसला ऊन आहे. जूनमध्ये इथे काळोख असा पडतच नाही. ब्रिटनच्या मुख्य भूमीचा हा वायव्य कोपरा. सँगो बेची वाळू जवळजवळ पांढरी आहे, पाणी हिरवंनिळं आणि इतकं गार की पाऊल घातल्याबरोबर घोट्यात कळ उठते. समोर पाण्यापलीकडे जमीन नाही.

जवळच स्मू गुहा. लाकडी पायऱ्या उतरून मी घळीच्या तळाशी येते. गुहेचं तोंड चांगलं पंधरा मीटर उंच आहे. बाहेरचं दालन समुद्राने कोरलेलं, आतलं ओढ्याने. चुनखडीच्या एकाच कड्यात दोन पाण्यांनी दोन बाजूंनी काम केलंय. फळ्यांच्या पुलावरून आत जाते तर छताच्या भोकातून ओढा सरळ खाली कोसळतोय. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. तुषारांनी चेहरा, चष्मा, जॅकेट सगळं भिजतं. मी खूप वेळ तिथेच उभी राहते.

सकाळी पूर्वेकडे. एरिबोलच्या खाडीवर पूल नाही, रस्ता अख्ख्या खाडीला वळसा घालतो. मे १९४५ मध्ये जर्मन पाणबुड्या शरण आल्या त्या याच पाण्यात. आज काठाला फक्त मेंढ्या आहेत. कालपासून माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त दिसतायत.

या किनाऱ्यावरून जाणाऱ्या पर्यटकमार्गाला २०१५ पासून 'नॉर्थ कोस्ट ५००' म्हणतात. कॅम्परव्हॅनींची रांग बेटीहिलहून सरळ पुढे जाते. मी गावाजवळ दक्षिणेला वळते, नेवर नदीच्या खोऱ्यात, स्ट्रॅथनेवरला. नदी रुंद, संथ. दोन्ही तीरांना सपाट, काळीभोर, कसदार जमीन. इतकी चांगली जमीन आणि घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

सायरजवळ गाडी लावून मी सूचिपर्णी झाडांच्या लागवडीतून चालत जाते. झाडं संपतात आणि उघड्या उतारावर रोसाल गाव दिसतं. म्हणजे त्याचे चौथरे. लांबट घरांच्या दगडी पायांवर गवत चढलंय. धान्य वाळवायच्या भट्टीचा खळगा ओळखू येतो. शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे ढीग अजून बांधाकडेला आहेत. तिरप्या उन्हात जुन्या वाफ्यांच्या सऱ्या उमटतात.

१८१४ ते १८१९ या वर्षांत सदरलंड इस्टेटीने हे खोरं रिकामं केलं. गेलिक बोलणारी कुळं पिढ्यान्‌पिढ्या इथे कसत होती. मेंढपाळीतून खंड जास्त मिळणार होता. लोकांना किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर बसवलं आणि मासेमारी करा म्हणून सांगितलं. घरांना आगी लावल्या. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला मनुष्यवधाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. रिकाम्या केलेल्या जमिनीचा खंडकरी तो स्वतःच होता. रोसालचा गवंडी डोनल्ड मॅक्लाउड याने पुढे लिहून ठेवलं की रात्री टेकडीवर चढून त्याने जळती घरं मोजली, ती अडीचशे भरली. रस्त्याकडेला आज त्याचा दगडी स्मारकस्तंभ आहे.

मी पाटणकडची. कोयना धरणात गाव गेलेली माणसं माझ्या नात्यात आहेत, रायगडात आणि सोलापुरात वसलेली. त्यामुळे या चौथऱ्याजवळ मला परकं वाटत नाही. उंबऱ्याच्या जागी मी खाली बसते. उंबरा म्हणजे मधोमध झिजलेला एक दगड.

माहितीपत्रकं या प्रदेशाला अस्पर्श निसर्ग म्हणतात. हे खरं नाही आणि ते खपवून घेऊ नये. हा प्रदेश कागदपत्रं करून, तारखा ठरवून मोकळा केलेला आहे. कालपासून ज्या ओसाडपणाने माझे डोळे निवत होते, त्यातला किती निसर्गाचा आणि किती इस्टेटीचा, हे आता प्रत्येक उतारावर मला पाहावं लागणार.

त्या वाटेने कधी गेलात तर बेटीहिलच्या जुन्या चर्चमधलं स्ट्रॅथनेवर संग्रहालय आधी पाहा. मग दक्षिणेला वळा आणि रोसालसाठी अर्धा दिवस ठेवा. समुद्र नंतरही पाहता येईल.