घरगुती ब्रॉडबँड राउटरची जोडणी वारंवार खंडित होणे

घरगुती ब्रॉडबँड राउटरची जोडणी वारंवार खंडित होणे हा इंटरनेट सेवेच्या वापरात नेहमी आढळणारा बिघाड आहे. यात सेवा कायमची बंद पडत नाही. ती काही काळ सुरळीत चालते, मध्येच तुटते आणि आपोआप किंवा राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत होते. ऑनलाइन परीक्षा, दूरस्थ काम, चित्रफीत-संवाद आणि बँकेचे व्यवहार यांत काही सेकंदांचा खंडही अडचणीचा ठरतो. पूर्णपणे बंद पडलेल्या जोडणीपेक्षा अशा अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे निदान अवघड असते, कारण तपासणीसाठी तंत्रज्ञ येतो तेव्हा जोडणी बहुधा चालू असते. म्हणून खंड पडलेला असतानाच तो नेमका कोठे पडला हे पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे हा निदानाचा मुख्य आधार मानला जातो.

जोडणीचे टप्पे

वापरकर्त्याच्या संगणकापासून इंटरनेटपर्यंतचा मार्ग अनेक टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संगणक किंवा मोबाइल आणि राउटर यांमधला असून तो वाय-फाय किंवा नेटवर्क केबलने जोडलेला असतो. दुसरा टप्पा म्हणजे स्वतः राउटर आणि त्याचा वीजपुरवठा. तिसरा टप्पा म्हणजे घरापासून सेवा पुरवठादाराच्या केंद्रापर्यंतची वाहिनी. ती तांब्याची दूरध्वनी तार, दूरचित्रवाणीची केबल किंवा ऑप्टिकल फायबर असते. या भौतिक टप्प्यांवर आणखी दोन सेवा अवलंबून असतात. ग्राहकाची ओळख पटवून राउटरला पत्ता देणारी व्यवस्था ही एक, आणि संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही दुसरी. यांपैकी कोणताही दुवा तुटला तरी वापरकर्त्याला ‘इंटरनेट गेले’ एवढेच जाणवते. त्यामुळे दोष बाहेरच्या वाहिनीत असतानाही अनेकदा राउटरच बदलला जातो आणि बिघाड तसाच राहतो.

कारणे

फायबर वाहिनी

भारतातील घरगुती फायबर जोडण्यांत जीपॉन हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मानकमालिकेत त्याचे वर्णन आहे. यात एकच फायबर अनेक घरांत विभागला जातो. केंद्राकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर आणि घराकडून केंद्राकडे जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. घरातील ओएनटी हे उपकरण प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. पुष्कळदा ते आणि राउटर एकाच डब्यात असतात. बी-प्लस या प्रचलित वर्गातील ओएनटीला साधारणपणे −८ ते −२७ डीबीएम या मर्यादेतील प्रकाशशक्ती लागते. मिळणारी शक्ती खालच्या मर्यादेजवळ असेल, तर कनेक्टरवरील धूळ, सैल जोड किंवा दाराच्या फटीत दबलेली वायर एवढ्यानेही जोडणी तुटू शकते. प्रकाश येणे थांबले की ओएनटीवरील ‘एलओएस’ हा दिवा लाल होतो.

तांब्याची वाहिनी

एडीएसएल तंत्रात दूरध्वनीच्या तारेवरच, आवाजाहून उच्च वारंवारतेवर, माहिती वाहून नेली जाते. तारेच्या जोडात पावसाचे पाणी शिरल्यास किंवा जोड गंजल्यास विद्युत गोंगाट वाढतो. संकेत आणि गोंगाट यांमधील राखीव अंतर पुरेसे उरले नाही, तर मोडेमचा केंद्राशी असलेला मेळ तुटतो आणि तो नव्याने जुळवावा लागतो. दूरध्वनीत खरखर ऐकू येणे हे सदोष तारेचे लक्षण आहे. दूरध्वनीची घंटा वाजताच इंटरनेट तुटत असेल, तर आवाज आणि माहिती वेगळी करणारा फिल्टर सदोष असण्याची किंवा बसवलेलाच नसण्याची शक्यता असते.

वीज आणि उष्णता

राउटरचा अ‍ॅडॉप्टर जुना झाल्यावर पूर्ण भार पेलू शकत नाही आणि राउटर मध्येच पुन्हा सुरू होतो. अशा वेळी सर्व दिवे क्षणभर विझतात. बंद कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचावर ठेवलेला राउटर तापूनही असे घडते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात राउटरसाठी छोटा यूपीएस वापरला जातो. मात्र गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात बसवलेल्या स्थानिक पुरवठादाराच्या स्विचला स्वतंत्र वीज लागते. तो बंद पडल्यास घरातील राउटर चालू असूनही सेवा मिळत नाही.

वाय-फाय

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाहिन्या परस्परांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, तर प्रत्येक वाहिनीची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ असते. त्यामुळे १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता एकाच वेळी वापरता येतात. दाट वस्तीच्या इमारतीत शेजारच्या राउटरांची गर्दी याच पट्ट्यात होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गर्दी कमी असते, परंतु या लहरी भिंती ओलांडताना अधिक क्षीण होतात. या पट्ट्याचा काही भाग रडार यंत्रणाही वापरतात. अनेक देशांच्या नियमांनुसार रडारचा संकेत आढळताच राउटरला ती वाहिनी सोडावी लागते, आणि तशीच दुसरी वाहिनी वापरण्यापूर्वी किमान ६० सेकंद तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. केवळ ५ गिगाहर्ट्झचे जाळे मिनिटभर नाहीसे होण्यामागे हे कारण असू शकते.

पत्ता व ओळख

अनेक पुरवठादार पीपीपीओई पद्धतीने ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द तपासून जोडणी देतात. अन्य ठिकाणी डीएचसीपी पद्धतीने ठरावीक मुदतीचा पत्ता मिळतो. साधारणपणे निम्मी मुदत संपल्यावर राउटर तिच्या नूतनीकरणाची विनंती करतो. खंड अगदी समान अंतराने पडत असेल, तर या व्यवस्थेतील दोषाचा संशय घेतला जातो.

निदानाची पद्धत

निदानात वापरकर्त्याजवळच्या टप्प्यापासून सुरुवात करून क्रमाने बाहेर जातात.

१. खंड पडताच राउटरवरील दिवे पाहावेत. सर्व दिवे विझून पुन्हा लागल्यास वीज किंवा राउटर, आणि ‘एलओएस’ लाल झाल्यास फायबर वाहिनी तपासावी.

२. एक संगणक नेटवर्क केबलने राउटरला जोडावा. वाय-फायवर खंड असताना केबलवर इंटरनेट चालू राहिले, तर दोष वाय-फायमध्ये आहे. दोन्हींवर एकाच वेळी खंड पडल्यास तो पुढच्या टप्प्यांत आहे.

३. केबलने जोडलेल्या संगणकावरून पिंग या आज्ञेने राउटरचा पत्ता तपासावा. अनेक राउटरांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. उत्तर न आल्यास राउटर अडकला आहे किंवा केबल सदोष आहे.

४. राउटर उत्तर देत असल्यास बाहेरचा एखादा अंकी पत्ता, उदाहरणार्थ गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा ८.८.८.८, तपासावा. उत्तर न आल्यास वाहिनी, पत्ता-व्यवस्था किंवा पुरवठादाराचे जाळे यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते.

५. अंकी पत्ता उत्तर देतो, परंतु संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, असे असल्यास दोष डीएनएसमध्ये आहे.

६. प्रत्येक खंडाची तारीख, वेळ, कालावधी, दिव्यांची स्थिती आणि हवामान लिहून ठेवावे. राउटरच्या व्यवस्थापन-पानावरील घटनांची नोंदही जपावी. पुष्कळ राउटरांत ती पुन्हा सुरू करताच पुसली जाते.

उपाय

एका वेळी एकच बदल करून एक-दोन दिवस परिणाम पाहणे आवश्यक असते. अनेक बदल एकदम केल्यास नेमके कारण समजत नाही. वाय-फायचा दोष असल्यास राउटर घराच्या मध्यभागी, उंच आणि मोकळ्या जागी ठेवतात, तसेच वाहिनी बदलतात. वीजदोषासाठी तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर वापरतात. फर्मवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती घेतात.

राउटर बंद करून सुरू करणे आणि त्यावरील रीसेटची बारीक कळ दाबून धरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेने पुरवठादाराने भरलेली माहिती पुसली जाऊन सेवा पूर्णच बंद पडू शकते, म्हणून ती माहिती हाताशी असल्याशिवाय ही कळ दाबू नये. फायबरचे टोक काढून त्यात पाहणे धोक्याचे आहे, कारण त्यातील अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी त्यांना इजा करू शकतो. बाजारातून आणलेला ओएनटी पुरवठादाराच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय सहसा चालत नाही.

तक्रार

दोष वाहिनीत किंवा पुरवठादाराच्या जाळ्यात असल्यास तो घरात दुरुस्त होत नाही. भारतात अशा वेळी प्रथम पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून डॉकेट क्रमांक घेतात. समाधान न झाल्यास त्याच पुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा स्वतः करत नाही. ‘इंटरनेट सारखे जाते’ या तक्रारीपेक्षा खंडांच्या वेळा, केबलवर केलेली चाचणी आणि ‘एलओएस’ दिव्याची स्थिती यांची नोंद जोडलेली तक्रार तंत्रज्ञाला थेट सदोष टप्प्याकडे नेते. तपासणीच्या वेळी जोडणी चालू असली, तरी आधी पडलेल्या खंडांचा पुरावा ही नोंद देते.