भाजे गाव : डोंगर, पाणी आणि वस्ती

भाजे म्हटले की आपल्याला लेणीच आठवतात. आपण सहलीला जातो, स्तूपाला वंदन करतो, फोटो काढतो आणि लोकल पकडून परत येतो. पायथ्याच्या गावाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. म्हणून या लेखात लेण्यांपेक्षा त्या गावाच्या भूमीची ओळख करून घेऊ.

भाजे हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लहानसे गाव होय. मळवली स्टेशनवर उतरून दक्षिणेकडे निघावे. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडला की थोड्याच चालीवर गाव येते. पाठीमागे इंद्रायणी, तिच्या पलीकडच्या डोंगरात कार्ले. समोर विसापूर आणि लोहगड. या रांगेच्या मागे पवनेचे खोरे असून बेडसे लेणी तिकडच्या अंगाला आहेत. मावळ हे नावही जुने आहे. कार्ल्याच्या शिलालेखांत 'मामाल' असा या प्रदेशाचा उल्लेख येतो. बोरघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारी व्यापारी वाट याच खोऱ्यातून जात असे.

लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास जेमतेम ७०० च्या आसपास. भाजे लोणावळ्याच्या बाजूस असल्याने हे भाताचे गाव आहे. खाचरांतून पाणी पायरीपायरीने नदीकडे उतरते. 'इंद्रायणी' हे प्रसिद्ध वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढले, त्यास नाव या नदीचेच दिले.

आता डोंगराकडे पाहू. सह्याद्रीचा हा खडक लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. पावसाचे पाणी सच्छिद्र थरातून व भेगांतून मुरते आणि घट्ट थर लागला की आडवे वाहून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात येथे लेणी खोदणाऱ्यांना हे ठाऊक असावे, असे मला वाटते. त्यांनी घट्ट कातळ निवडला आणि लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढीही खोदल्या. त्यांपैकी एका पोढीवर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख आहे. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या डोंगरावर पाण्याचे दान किती मोठे, हे मे महिन्यात तिथे चढून गेल्यावरच कळते!

परंतु हेच पाणी घातही करते. कातळावर उतारावरची माती व सुटे दगड साचलेले असतात. सतत काही दिवस मुसळधार पाऊस झाला की ती माती पाणी पिऊन जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि सारा थर घसरतो. जुलै १९८९ मध्ये भाज्यावर अशीच दरड कोसळली व तीसहून अधिक माणसे गाडली गेली. लेणी मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती अखंड कातळात आहेत. घरे मातीच्या उताराखाली होती. पुढे २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २०२३ मध्ये रायगडमधील इर्शाळवाडी येथेही डोंगराने वस्ती गिळली.

आपल्यापैकी अनेकांची गावे अशाच डोंगराखाली आहेत. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा आटणे ही दरडीची लक्षणे होत. ती दिसताच रात्र असली तरी घर सोडावे आणि शेजाऱ्यांनाही उठवावे.